वेळ सांगताना तारीखही सांगा: टाइमझोन आणि डेलाइट सेव्हिंगचा बिनचूक हिशेब

न्यू यॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजले की लंडनमध्ये दुपारचे २ वाजलेले असतात. वर्षातले साधारण अठ्ठेचाळीस आठवडे हे खरे असते. उरलेल्या चार आठवड्यांत लंडनमध्ये २ नव्हे, १ वाजलेला असतो, कारण डेलाइट सेव्हिंगसाठी, म्हणजे उन्हाळ्यापुरते घड्याळ पुढे करण्यासाठी, दोन्ही शहरे वेगवेगळ्या तारखा पाळतात. मीटिंगा चुकतात, मुलाखतीला माणूस तासभर उशिरा पोहोचतो, रिपोर्टमध्ये एक तास गायब दिसतो, ते बहुतेक याच आठवड्यांत. त्यामुळे ‘न्यू यॉर्कचे ९ म्हणजे लंडनचे किती?’ हा प्रश्न मुळातच अर्धवट आहे. कोणत्या तारखेचे ९, हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

या विषयात एकच भेद मनात पक्का करायचा असतो. ऑफसेट हा आकडा आहे आणि टाइमझोन हा नियम आहे. ‘यूटीसीपेक्षा (जगभर संदर्भासाठी वापरल्या जाणाऱ्या वेळेपेक्षा) पाच तास मागे’ हा ऑफसेट. ‘न्यू यॉर्क’ हा टाइमझोन, म्हणजे कोणत्या तारखेला कोणता आकडा लागू होतो याचे पूर्ण वेळापत्रक. पुढे सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या चुका नियमाच्या जागी आकडा वापरल्यामुळे होतात.

आधी यूटीसी, मग पुढचे ठिकाण

दोन शहरांमधला फरक थेट पाठ करण्याची सवय सोडून द्या. दहा शहरे असली की त्यांच्या पंचेचाळीस जोड्या होतात आणि त्यातल्या कित्येक जोड्यांचा फरक वर्षातून चार वेळा बदलतो. त्यापेक्षा प्रत्येक वेळ आधी यूटीसीत आणायची आणि तिथून हव्या त्या ठिकाणी न्यायची. यूटीसी ही जगाची समाईक वेळ आहे. तिला डेलाइट सेव्हिंग लागू होत नाही, म्हणून ती मधला थांबा म्हणून भरवशाची. मात्र ‘यूटीसी’ आणि ‘लंडनची वेळ’ एक समजू नका. हिवाळ्यात दोन्ही सारख्या असतात, उन्हाळ्यात लंडन एक तास पुढे असते.

हिशेब असा करायचा:

१. वेळ २४ तासांच्या घड्याळात, तारखेसकट लिहा. ‘१२ एएम’ म्हणजे रात्रीचे बारा की दुपारचे, यात लोक नेहमी घोळ घालतात. ००:०० आणि १२:०० असे लिहिले की तो प्रश्न उरत नाही.

२. त्या तारखेला त्या ठिकाणी कोणता ऑफसेट चालू आहे ते पाहा. ग्रीनविचच्या पूर्वेकडचे ऑफसेट सहसा अधिक चिन्हाचे, पश्चिमेकडचे वजा चिन्हाचे.

३. स्थानिक वेळेतून ऑफसेट वजा करा, की यूटीसी मिळाली. ऑफसेटच वजा चिन्हाचा असेल तर वजा-वजा अधिक होते, म्हणजे तेवढे तास मिळवायचे. सर्वांत जास्त हातचुका या पायरीवर होतात.

४. यूटीसीच्या त्या क्षणी दुसऱ्या ठिकाणचा ऑफसेट काय आहे ते पाहा आणि तो मिळवा.

५. उत्तर २४:०० किंवा त्याहून जास्त आले तर २४ तास वजा करून तारीख एकाने पुढे न्या. शून्याच्या खाली गेले तर २४ तास मिळवून तारीख एकाने मागे घ्या.

एक अवघड उदाहरण करून पाहू. काठमांडूमध्ये मंगळवार, २० जानेवारी २०२६, सकाळचे ०८:१५. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स शहरात किती वाजले? नेपाळचा ऑफसेट +५:४५. ०८:१५ मधून ५:४५ वजा केले की ०२:३० यूटीसी. जानेवारीत सेंट जॉन्सचा ऑफसेट −३:३०. ०२:३० मधून साडेतीन तास गेले की शून्याच्या खाली एक तास, म्हणजे सोमवार, १९ जानेवारी, रात्रीचे २३:००.

दुसरे उदाहरण तारीख पुढे नेणारे. लॉस एंजेलिसमध्ये बुधवार, १५ जुलै २०२६, संध्याकाळचे १८:००. जुलैत तिथे डेलाइट सेव्हिंग चालू असल्यामुळे ऑफसेट −८ नसून −७ आहे. १८ अधिक ७ म्हणजे २५, अर्थात १६ जुलैचे ०१:०० यूटीसी. टोकियोचा ऑफसेट वर्षभर +९, म्हणून तिथे गुरुवार, १६ जुलै, सकाळचे १०:००.

प्रवासाला किंवा कामाला लागलेला वेळ काढायचा असेल तर दोन स्थानिक वेळांची थेट वजाबाकी कधीही करू नका. त्याच १५ जुलैला विमान टोकियोहून १७:०० वाजता निघून लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या ११:०० वाजता उतरले, तर कागदावर ते निघण्याआधीच पोहोचलेले दिसते. दोन्ही वेळा यूटीसीत आणा: निघाले ०८:०० ला, उतरले १८:०० ला. प्रवास दहा तासांचा.

नकाशावरून अंदाज बांधू नका

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे दर १५ अंश रेखांशाला एक तास. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे, ८२.५ भागिले १५ म्हणजे साडेपाच, म्हणून +५:३०. पण ही पद्धत सगळीकडे लावता येत नाही, कारण घड्याळ सरकार ठरवते. चीन पूर्व-पश्चिम प्रचंड पसरलेला असूनही सगळ्या देशाची अधिकृत वेळ एकच, +८. स्पेनची मुख्य भूमी बहुतांशी ग्रीनविचच्या पश्चिमेला आहे, तरी तिथे हिवाळ्यात +१ आणि उन्हाळ्यात +२ चालते.

ऑफसेट पूर्ण तासांचाच असतो हाही गैरसमज. अफगाणिस्तान +४:३०, इराण +३:३०, म्यानमार +६:३०, ऑस्ट्रेलियातले डार्विन +९:३०, पॅसिफिकमधली मार्केसास बेटे −९:३०. पाऊण तासाचेही आहेत: नेपाळ +५:४५, न्यूझीलंडची चॅथम बेटे +१२:४५ (उन्हाळ्यात +१३:४५). एकंदर पल्ला −१२ पासून +१४ पर्यंत जातो. +१४ किरिबाटीच्या लाइन बेटांवर आहे. त्यामुळे एकाच क्षणी जगात तीन वेगवेगळ्या तारखा चालू असू शकतात. सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट पूर्णांकात साठवणारा किंवा त्याला ±१२ ची मर्यादा घालणारा कोड इथेच कोलमडतो.

डेलाइट सेव्हिंग: कोण, कधी, कोणत्या क्षणी

उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड जास्त वेळ मिळावा म्हणून घड्याळ साधारण एक तास पुढे करायचे आणि हिवाळा जवळ आला की मागे घ्यायचे, ही ती पद्धत. देशभर ती पहिल्यांदा १९१६ च्या एप्रिलअखेर जर्मनीने लागू केली. आज सर्वांत जास्त कामाला येणारे नियम चार.

अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते, दोन्ही वेळा स्थानिक घड्याळाच्या पहाटे २ वाजता. कॅनडाचा बराचसा भागही हेच पाळतो. हवाई आणि बहुतांश ॲरिझोनात घड्याळ हलवत नाहीत. पण ॲरिझोनातच नावाहो नेशनच्या प्रदेशात हलवतात. २०२६ मधल्या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर.

युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, ०१:०० यूटीसीला. २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. इथे क्षण यूटीसीत ठरलेला असल्यामुळे लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत सगळी घड्याळे एकाच वेळी हलतात आणि युरोपातल्या शहरांचा आपापसातला फरक बदलत नाही. अमेरिकेत तसे नाही. प्रत्येक पट्टा आपापल्या पहाटेच्या २ वाजता बदलतो, म्हणून मार्चमधल्या त्या रविवारी न्यू यॉर्क आणि शिकागो यांच्यात तासभर दोन तासांचे अंतर पडते, आणि नोव्हेंबरमध्ये तासभर दोघांची घड्याळे अगदी सारखी चालतात.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया, टास्मानिया आणि राजधानी कॅनबेराच्या प्रदेशात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. क्वीन्सलंड, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यात नाहीत. म्हणून क्वीन्सलंडचे ब्रिस्बेन आणि न्यू साउथ वेल्सचे सिडनी हिवाळ्यात सारखी आणि उन्हाळ्यात तासाच्या फरकाने चालतात. न्यूझीलंड सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी सुरू करते आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी थांबवते. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, म्हणून दिशाही उलटी: युरोप घड्याळ पुढे करतो त्याच सुमारास सिडनी मागे घेते.

बाकी अपवाद. मोरोक्कोत वर्षभर +१ असते आणि रमजानच्या काळात तेवढे घड्याळ तासभर मागे घेतात. रमजान चांद्र कॅलेंडरने ठरत असल्यामुळे तारखा दरवर्षी सरकतात. इजिप्तने बंद केलेली पद्धत २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली. ऑस्ट्रेलियाचे लॉर्ड हाउ बेट घड्याळ तासाने नव्हे, अर्ध्या तासाने हलवते. ‘डेलाइट सेव्हिंग म्हणजे अधिक एक तास’ असे कोडमध्ये गृहीत धरणाऱ्यांनी हे बेट लक्षात ठेवावे.

ज्यांनी ही पद्धत सोडली त्यांची यादी मोठी आहे. तुर्कस्तान २०१६ पासून कायम +३ वर आहे. ब्राझीलने २०१९ मध्ये ती थांबवली. मेक्सिकोने २०२२ मध्ये थांबवली, पण अमेरिकेच्या सीमेलगतच्या काही भागांत ती चालूच आहे. इराण, जॉर्डन आणि सीरिया यांनीही २०२२ मध्येच घड्याळ हलवणे बंद केले. रशियाने २०११ मध्ये कायमची उन्हाळी वेळ घेतली आणि २०१४ मध्ये ती सोडून कायमची हिवाळी वेळ घेतली. जुन्या तक्त्यावर किंवा स्वतःच्या आठवणीवर विसंबणे किती धोक्याचे, हे यावरून दिसते.

मधले आठवडे

दोन ठिकाणे वेगवेगळ्या रविवारी घड्याळ हलवतात तेव्हा मधल्या दिवसांत नेहमीचा फरक मोडतो. रोज न्यू यॉर्कच्या सकाळी ०९:०० वाजता होणारी मीटिंग २०२६ च्या मार्चमध्ये कशी सरकते पाहा:

३ मार्च: न्यू यॉर्क ०९:००, यूटीसी १४:००, लंडन १४:००, भारत १९:३०.
१० मार्च: न्यू यॉर्क ०९:००, यूटीसी १३:००, लंडन १३:००, भारत १८:३०.
३१ मार्च: न्यू यॉर्क ०९:००, यूटीसी १३:००, लंडन १४:००, भारत १८:३०.

लंडनवाल्यांसाठी मीटिंग तीन आठवडे तासभर लवकर येते आणि मग मूळ जागी जाते. भारतासारख्या न हलणाऱ्या ठिकाणी ती एकदा सरकते आणि नोव्हेंबरपर्यंत तिथेच राहते. आमच्याकडे डेलाइट सेव्हिंग नाही, म्हणजे आम्हाला त्याचा त्रास नाही, हा समज चुकीचा आहे. तिथले घड्याळ हलले की तुमचे वेळापत्रक हलते, आणि तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात त्याची काहीच खूण नसते. शरद ऋतूत हा मधला काळ आठवडाभराचाच, २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर.

लंडन आणि सिडनी ही जोडी याहून कडक. मार्चच्या मध्यापर्यंत त्यांच्यात ११ तासांचे अंतर असते. २९ मार्चला लंडन पुढे जाते, अंतर १०. ५ एप्रिलला सिडनी मागे येते, अंतर ९. आठवड्याभरात दोन तास गेले.

यावर उपाय: जी मीटिंग दर आठवड्याला होते, तिचे घर कोणते झोन, हे सुरुवातीलाच ठरवा आणि सगळ्यांना लिहून कळवा. मीटिंग कॅलेंडरमध्ये त्या झोनच्या नावाने टाका. मग त्या झोनमध्ये वेळ स्थिर राहील, बाकीचे सरकतील. सगळ्यांनी थोडे थोडे सरकावे असे वाटत असेल तर यूटीसीला घर करा. तेव्हा घड्याळ हलवणाऱ्या प्रत्येकाची मीटिंग सरकेल आणि न हलवणाऱ्यांची स्थिर राहील. अर्ध्या संघाच्या कॅलेंडरमध्ये एक झोन आणि अर्ध्यांच्या कॅलेंडरमध्ये दुसरा, ही मात्र कधीच येऊ देऊ नये अशी स्थिती. मार्च आणि ऑक्टोबर सुरू होताना पुढच्या पाच आठवड्यांच्या वेळा प्रत्येक ठिकाणच्या घड्याळात लिहून एकदा पाठवल्या तर पुढची बरीच धावपळ वाचते.

नसलेला तास आणि दोनदा येणारा तास

८ मार्च २०२६ ला न्यू यॉर्कचे घड्याळ ०१:५९:५९ नंतर थेट ०३:०० दाखवते. त्या दिवशी तिथे ०२:३० अशी वेळच नाही आणि तो दिवस २३ तासांचा आहे. १ नोव्हेंबरला उलट होते. ०१:५९:५९ नंतर पुन्हा ०१:०० वाजतात. ०१:३० दोनदा येते: एकदा −४ ऑफसेटने, म्हणजे ०५:३० यूटीसीला, दुसऱ्यांदा −५ ने, म्हणजे ०६:३० यूटीसीला. तो दिवस २५ तासांचा. नुसते ‘१ नोव्हेंबर, ०१:३०’ लिहिलेले असेल तर यातले कोणते, हे कोणत्याही हुशारीने काढता येत नाही. ऑफसेट सोबत लिहिलेला असावाच लागतो.

याचे परिणाम अगदी रोजच्या कामात दिसतात. रात्री २२:०० ते सकाळी ०६:०० ही पाळी एका रात्री सात तासांची आणि दुसऱ्या एका रात्री नऊ तासांची होते. पगार तासांवर असेल तर हजेरी यूटीसीत किंवा ऑफसेटसह नोंदवली पाहिजे. पहाटे ०२:३० ला लावलेले बॅकअपचे काम एका रविवारी चालतच नाही, आणि ०१:३० चे काम दुसऱ्या रविवारी दोनदा चालू शकते. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या ‘क्रॉन’ या प्रोग्रामच्या काही आवृत्त्या हे सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर ठेवणे हा सर्वांत सरळ मार्ग. स्थानिक वेळेवरच चालवणे भाग असेल तर ०१:०० ते ०३:०० हा पट्टा टाळा.

‘उद्या याच वेळी’ आणि ‘२४ तासांनी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कॅलेंडरची मोजणी, दुसरी घड्याळाची. आठवणीचा गजर पहिल्या प्रकारचा हवा. औषधाच्या दोन मात्रांमधले अंतर किंवा टोकनची मुदत दुसऱ्या प्रकारची. कोड लिहिताना तारखेत ‘१ दिवस’ मिळवायचा की ‘८६,४०० सेकंद’, हा निर्णय दर वेळी जाणीवपूर्वक घ्या.

आणखी एक बारकावा. सगळीकडे पहाटे २ लाच बदल होतो असे नाही. इजिप्तमध्ये एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी मध्यरात्रीच घड्याळ पुढे जाते, म्हणजे त्या तारखेला ००:०० ही वेळच नसते. ‘दिवसाची सुरुवात म्हणजे ००:००’ असे धरणारा कोड तिथे त्रुटी देतो किंवा आदल्या तारखेत घसरतो. चांगल्या लायब्ररीत ‘या तारखेचा पहिला क्षण’ देणारे फंक्शन असते, ते वापरा.

संक्षेप टाळा

‘आयएसटी’ म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, इस्रायलची वेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळ, तिन्ही. ‘सीएसटी’ म्हणजे चीन, अमेरिकेचा मध्य पट्टा किंवा क्यूबा. ‘बीएसटी’ ब्रिटनची उन्हाळी वेळही असते आणि बांगलादेशची प्रमाणवेळही. त्यातच पुष्कळ लोक जुलैमध्येही ‘ईएसटी’ (न्यू यॉर्कची हिवाळी वेळ) लिहितात. न्यू यॉर्कमध्ये तेव्हा ‘ईडीटी’ (उन्हाळी वेळ) चालू असते आणि अक्षरशः अर्थ घेतला तर तासभर चुकते. निमंत्रणात शहराचे नाव आणि ऑफसेट दोन्ही द्या: ‘१० मार्च २०२६, ०९:००, न्यू यॉर्क (यूटीसी −४)’. ऑफसेट चुकून जुना लिहिला गेला तरी शहर आणि आकडा जुळत नाही हे वाचणाऱ्याला दिसते, आणि तो विचारतो.

शेवटची मुदत सांगताना ‘शुक्रवारी रात्री १२ पर्यंत’ लिहू नका. शुक्रवार सुरू होतानाचे बारा की संपतानाचे, हे कळत नाही. २३:५९ लिहा आणि झोन द्या. संशोधन परिषदांत ‘पृथ्वीवर कुठेही’ अशी मुदत देतात, तिचा अर्थ यूटीसी −१२. ३१ जानेवारी २३:५९ ही तशी मुदत असेल तर ती १ फेब्रुवारीला ११:५९ यूटीसीला संपते.

स्प्रेडशीटमध्ये

एक्सेलसाठी एक दिवस म्हणजे १, म्हणून एक तास म्हणजे १ भागिले २४. यूटीसीची तारीख-वेळ ज्या सेलमध्ये आहे तिच्यात ५.५/२४ मिळवले की भारतीय वेळ येते. सेलमध्ये तारीखही असेल तर बदललेली तारीख आपोआप मिळते. नुसती वेळ असेल आणि वजाबाकी शून्याखाली गेली तर सेलमध्ये उत्तराऐवजी हॅशची रांग दिसते. तेव्हा उत्तर मॉड फंक्शनमध्ये घालून १ ने भागल्यावरची बाकी घ्या. पण तारीख मागे गेली ही माहिती त्यात हरवते, म्हणून तारीख-वेळ एकत्रच ठेवा. सेलला टाइमझोन कळत नाही आणि डेलाइट सेव्हिंगही नाही. न्यू यॉर्कसारख्या ठिकाणासाठी बदलाच्या क्षणांचा यूटीसीतला छोटा तक्ता करा, एका स्तंभात क्षण आणि दुसऱ्यात त्यापुढचा ऑफसेट, आणि लुकअपने योग्य ओळ उचला. सूत्रात −५ असा आकडा लिहून टाकला की मार्चनंतरची प्रत्येक ओळ चुकीची.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी

जगातले सगळे झोननियम आयएएनए या इंटरनेटची नावे आणि क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या टाइमझोन डेटाबेसमध्ये एकत्र ठेवलेले असतात. त्यातली नावे ‘अमेरिका/न्यू यॉर्क’, ‘एशिया/कोलकाता’ अशा खंड आणि शहर धाटणीची असतात, आणि प्रणालीत ती रोमन लिपीत लिहायची. विंडोजची नावे वेगळी आहेत. दोन्हींमधली जुळणी युनिकोडच्या सीएलडीआर तक्त्यात मिळते. ‘ईटीसी/जीएमटी+५’ या घराण्यातली नावे शक्यतो वापरू नका, कारण त्यांचे चिन्ह उलटे असते: ‘+५’ म्हणजे तिथे यूटीसीच्या पाच तास मागे.

साठवणीचा नियम असा, आणि यात तडजोड नको: घडून गेलेली घटना यूटीसीत साठवा, भविष्यातली, माणसांनी घड्याळ पाहून पाळायची वेळ स्थानिक तारीख-वेळ अधिक झोनचे नाव अशी साठवा. ‘सगळे यूटीसीत ठेवा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण तो अर्धाच बरोबर आहे. पुढच्या वर्षी ०९:०० वाजताची भेट आज यूटीसीत बदलून ठेवली आणि मधल्या काळात त्या देशाने नियम बदलला, तर भेट ०८:०० किंवा १०:०० ला दिसेल, आणि मूळ हेतू नवाचा होता हे डेटाबेसमध्ये कुठेच उरणार नाही. हे काल्पनिक नाही. मेक्सिकोचा बदल २०२२ च्या ऑक्टोबरअखेर, घड्याळ मागे घेण्याच्या तोंडावर कायद्यात आला. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये बदल पुढे ढकलल्याची घोषणा ऐन वेळी झाली, देशात काही दिवस दोन वेगवेगळ्या वेळा चालल्या आणि मग निर्णय मागे घेतला गेला. भविष्यातल्या नोंदीसोबत यूटीसीचा स्तंभ हवा असेल तर तो क्रम लावण्यापुरता ठेवा आणि नियम बदलले की पुन्हा मोजा.

भाषेगणिक काही खाचखळगे. पायथनमध्ये ३.९ पासून झोनइन्फो आहे, तेच वापरा. जुन्या पायटीझेडमध्ये झोन थेट टीझेडइन्फो म्हणून दिला तर कोलकात्याचा ऑफसेट +५:३० ऐवजी +५:५३ येतो, कारण तो त्या शहराची प्रमाणवेळेपूर्वीची जुनी स्थानिक वेळ उचलतो. दोनदा येणाऱ्या तासातला दुसरा हवा असेल तर ‘फोल्ड’ १ करा. जावामध्ये ऑफसेटडेटटाइमकडे फक्त आकडा असतो, झोन्डडेटटाइमकडे नियम, मीटिंगसाठी दुसरा. पोस्टग्रेसचा ‘टाइमस्टँपटीझेड’ नावावरून फसवतो: तो क्षण साठवतो, झोनचे नाव साठवत नाही. ते हवे असेल तर वेगळा स्तंभ लागतो. जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख वाचायला दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते आणि अमेरिकेतल्या वापरकर्त्याला आदला दिवस दिसतो. जन्मतारीख, सुट्टी, बिलाची तारीख यांना वेळ नसते. त्या तारीख म्हणूनच साठवा आणि त्यांचे रूपांतर कधी करूच नका.

टाइमझोन डेटाबेसच्या नव्या आवृत्त्या वर्षातून अनेकदा येतात आणि त्याची प्रत एका ठिकाणी नसते. ऑपरेटिंग सिस्टिमची एक, जावाची स्वतःची, लायब्ररीची वेगळी, मायएसक्यूएलमध्ये वेगळी भरावी लागणारी. एक अद्ययावत आणि दुसरी जुनी असली की एकाच क्षणासाठी दोन पाने दोन वेगवेगळ्या वेळा दाखवतात. वेळ चुकल्याची तक्रार आली तर आधी ही आवृत्ती सगळीकडे सारखी आहे का ते तपासा.

जुन्या तारखांनाही आजचा नियम लावू नका. अमेरिकेत १९८७ ते २००६ या काळात घड्याळ एप्रिलच्या पहिल्या रविवारी पुढे जात असे. ब्रिटन १९६८ ते १९७१ सलग +१ वर होते, म्हणून युनिक्स संगणकप्रणाली जिथून सेकंद मोजायला सुरुवात करते ती १ जानेवारी १९७० ची यूटीसी मध्यरात्र लंडनमध्ये पहाटे १ ची होती. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवस पूर्ण गाळला: २९ तारखेनंतर थेट ३१.

चाचण्या लिहिताना निदान हे क्षण घ्या: न्यू यॉर्कचे ८ मार्च २०२६ चे ०२:३० (त्रुटी यायला हवी, किंवा ठरलेल्या नियमाने ०३:३०), १ नोव्हेंबरचे दोन्ही ०१:३०, लॉर्ड हाउचा अर्ध्या तासाचा बदल, इजिप्तची नसलेली मध्यरात्र, काठमांडूचा पाऊण तास आणि सामोआची नसलेली तारीख. या सहा ठिकाणी कोड टिकला नाही, तर घड्याळ हलण्याच्या पहिल्याच रविवारी तो वापरकर्त्यांना चुकीची वेळ दाखवील.